पाण्याच्या गोळीचं कारण

४ मार्च
मॅडम पुन्हा ओरडल्या. "कागदावर आहे तेवढंच विचारायचं." अठरा वर्षं त्या हेच मोजतायत — कोणतं औषध कुणाला लागू पडतं, कोण मध्येच सोडतं. माझं काम पेशंटना फोन करायचं. बीपीची गोळी रोज घेता? 'नाही' म्हणाला की खूण: औषध सोडलं. संपलं. कॉलेज अर्धवट टाकलेल्याला याहून जास्त कोण विचारतंय!

५ मार्च
आकडेवालीने (मॅडमचं सगळं गणित तीच करते) माझ्याकडे स्टेपलर मागितला. दिवस सार्थकी.

९ मार्च
एका बस ड्रायव्हरपुढे खूण करणार, तेवढ्यात तोंडातून निघालंच — "पण का सोडली, काका?"
"सोडली कुठे? पाण्याची गोळी ती. घेतली की सारखं लघवीला. रूटवर पाच तास सोय नाही. गाडीभर माणसं सोडून कुठे उतरू? सुट्टीला घेतो की."
मग मी थांबतोय कसला. आमच्या पेशंटांतल्या चाळीस ड्रायव्हरांना विचारलं. एकतीस जणांचं तेच.

१० मार्च
राडा. यादी मॅडमच्या टेबलावर आपटली. "तुमच्या तक्त्यात हे सगळे बेफिकीर!"
त्या शांतपणे म्हणाल्या, "यातलं अक्षरही वापरता येणार नाही. पेशंटना काय विचारायचं ते नैतिकता समिती ठरवते. तिने मंजूर न केलेला प्रश्न विचारलास तू."
आकडेवालीनेही मान हलवली. तडक निघून आलो. नोकरी गेली. ती दिसणंही गेलं.

१३ मार्च
मॅडमचा फोन. "रुसून झालं असेल तर ये. अठरा वर्षांत माझ्या फॉर्मवर 'का'ला रकाना नव्हता. तो घालून नवा फॉर्म समितीकडे पाठवलाय."
आंघोळ न करताच पळालो.

२ एप्रिल
परवानगी आली. नवी यादी, नवे ड्रायव्हर. निम्मे फोन माझे, निम्मे आकडेवालीचे. मध्ये एकच टेबल. ती "बोला ना काका, ऐकतेय मी" म्हणते आणि मी चुकीचे नंबर फिरवतो.

३ एप्रिल
बाबांना बीपी आहे हे आज कळलं. तीस वर्षं बस चालवतात. कॉलेज सोडल्यापासून माझ्याशी धड बोलत नाहीत. आई स्वयंपाकघरात गेल्यावर हळूच म्हणाले, "आज एका मुलीचा फोन आला होता. गोळीचं विचारत होती. ड्युटीवर घेत नाही, सांगून टाकलं. आईला बोलू नकोस."
मग पाणी प्यायले.
"छान बोलते रे पोरगी."