क्लाइव्हचं निळं कार्ड

प्रिय डोरीनताई,

मी वेळेवर जेवते, काळजी करू नकोस. तुझा गुडघा काय म्हणतोय?

त्या दिवशी क्लाइव्हला दवाखान्यातून घरी आणायला निघाले, तेव्हा त्याचं अपंगांच्या पार्किंगचं निळं कार्ड काचेपाशी त्याच्या फोटोची बाजू वर करून ठेवलं होतं. रस्ताभर तेवढीच सोबत. गाडी लावल्यावर ते उलटं करायचं राहिलं. आत पोचले तर सगळं संपलेलं. बाहेर येते तो काचेवर दंडाची पावती.

"बाई, कार्डावरचा नंबर दिसायला हवा, चेहरा नव्हे," पावतीवाला म्हणाला.

मी अपील केलं. काल कौन्सिलच्या बाईंचा फोन आला. "दंड माफ झालाय हो. फक्त तुमचे मिस्टर आता नाहीत, तर त्यांचं कार्ड तेवढं परत पाठवा."

मी म्हटलं, "दंडच घ्या की बाई. कार्ड राहू द्या."

तुझीच,
हेझल