उन्हामागे सरकणारी सतरंजी

जयपूर,
ता. ६ जानेवारी

कै. मंदाकिनी उमाकांत सोहोनी हिस,

सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझा सध्याचा पत्ता उपलब्ध नसल्याने हे पत्र आपल्या प्रणिताच्या पुण्याच्या पत्त्यावर पाठवीत आहे. महिनाअखेर खातीपुऱ्याचे घर सोडून मी कायमचा तिच्याकडे जाणार, हे ठरलेच आहे.

काल पाण्याच्या टाकीचे झाकण तपासण्याच्या सबबीवर गच्चीवर गेलो. हिवाळ्याच्या दुपारी तू ज्या मंडळात बसत असस, ते घरमालक नंदकिशोरजींच्या मातोश्री, म्हणजे साऱ्यांच्या 'माजी', यांच्या अध्यक्षतेखाली मटार सोलत होते. मी कोट-बुटांसह खुर्चीवर स्थानापन्न झालो आणि विमा कार्यालयातील शिस्तीने दाण्यांची आकारानुसार वर्गवारी आरंभिली. माजी म्हणाल्या, "बाबूजी, मटर है, इम्तिहान नहीं." मग त्यांनी एक शेंग माझ्या हातावर ठेवली. दाणे उन्हाने कोमट झालेले आणि गोड. मटाराला एवढी चव असते हे मला अडुसष्टाव्या वर्षी कळले; पदवी मात्र वनस्पतिशास्त्राची.

ऊन सरकले तशी मंडळींनी सतरंजी सरकवली. मी तत्त्वनिष्ठ, खुर्ची हलवली नाही. परिणामी सावलीत शिंकत बसलो. आज सतरंजीवर बसलो. उठवण्यास दोन भगिनींचे साहाय्य लागले.

तुझा लोभ चालू आहे असे गृहीत धरतो.

आपला,
उमाकांत

पुणे,
ता. १४ जानेवारी

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

आईचे पत्र मीच फोडले. हसले, मग रडलेही. अमेयने तुमची खोली स्वतः रंगवली आहे. जावयाने रंगवली म्हणून कोपरे पाहू नका. खोली छान आहे, पण खरे सांगते, समोर इमारत असल्याने ऊन येत नाही. मटार आमच्याकडे फ्रीजरमधून निघतो.

बाबा, यायचे नसेल तर आईच्या पदराआडून लिहू नका. मला सरळ लिहा. मी रागावेन, पण दोनच दिवस.

आशीर्वाद असू द्या; रागवायला तेवढे बळ लागते.

तुमची,
प्रणिता

जयपूर,
ता. ३१ जानेवारी

चि. प्रणितास,
अनेक आशीर्वाद.

सरळ लिहितो: मला यायचे नाही. राग आजपासून धरावा.

सामान बांधताना आपली सोलापुरी सतरंजी कमी भरली. मी मोठ्या गांभीर्याने चौकशी सुरू केली. दुपारी गच्चीवर मला उठवले जात असता कोपऱ्यावर तुझ्या आईने दोऱ्याने काढलेला 'मं' दिसला. हरवलेल्या वस्तूवर बसूनच मी तिचा तपास करीत होतो! माजी म्हणाल्या, ती कधीपासून इथेच असते, घेऊन जा. मला ती खाली आणवेना. म्हणून मीच वर गेलो.

गच्चीवर एक खोली आहे. तीत कूलर आणि रजया असत. ती मी मागून घेतली. माजींची अट एकच, कोट घालून मटार सोलायचा नाही. वैशाखात त्या खोलीची भट्टी होते म्हणे. तेव्हा अमेयने रंगवलेल्या खोलीत माझी वाट पाहा. ऊन नसणे हा त्या वेळी तिचा गुणच ठरेल.

राग सरल्यावर लोभ पूर्ववत सुरू करावा.

तुझा,
बाबा

ता. क. आज सकाळी खालच्या घराचे दार कुलूपबंद केले आणि किल्ल्या नंदकिशोरजींना परत केल्या.