यंत्रातली एकच जागा

प्रिय दादा,

तुझ्या कादंबरीची मुद्रितं उद्या प्रकाशकाकडे परत पाठवायची आहेत. त्याआधी तुझ्याशी बोलायला हवं, म्हणून हे पत्र. तू गेल्यापासून रोजनिशीत तुझ्याबद्दल एक ओळही लिहिली गेली नव्हती. आज लिहितेय ते प्रेमाने नाही, हे आधीच सांगते.

दहाव्याला घाटावर तुझ्या पिंडाला कावळा शिवत नव्हता. ऊन चढलं, समोरच्या बाभळीवर दोन कावळे बसून होते, पण खाली येईनात. मग रिवाजाप्रमाणे एकेक जण पुढे होऊन तुझी राहिलेली इच्छा बोलून पाहू लागला. "नलूला अंतर देणार न्हाई," मामा म्हणाले. कावळे हलले नाहीत. "वरवंडचं घर पुरं करू," चुलतभाऊ म्हणाला. तरी नाही. मग मामा माझ्याकडे वळले. "शालू, त्याच्या पुस्तकाचं बोल की. जीव त्यातच आडकला आसंल."

मी हात जोडले. "दादा, तुझी कादंबरी जशीच्या तशी छापते. एक अक्षर बदलणार नाही."

आणि कावळा झेपावला. नलूवहिनी रडता रडता म्हणाली, "बघा, माझ्यापरास पुस्तकच जवळचं." लोक हसले. मीही हसले. तेव्हा मी शेवटचं प्रकरण वाचलेलं नव्हतं.

आधीची प्रकरणं तू फोनवर वाचून दाखवायचास. पुढच्या शतकातलं दौंड जंक्शन, तिथल्या शेडमध्ये जुन्या इंजिनात बसवलेलं काळयंत्र, आणि त्यातून थेट भीमाकाठच्या मोगली छावणीत जाऊन पडलेला तुझा नायक, तुझ्यासारखाच सिग्नलवाला. इंजिनाच्या शिट्टीने घोडे उधळतात आणि नदीच्या वाळूत लढाई जुंपते, ते पान ऐकताना माझा चहा निवून गेला होता. पन्नाशीत पहिली कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला हे जमलं कसं? ते पान मला अजूनही आवडतं. अवघड तेच आहे.

आणि त्याची बायको, जी डबा द्यायला येते आणि चुकून यंत्रासोबत जाते. नाव तेवढं बदललंस. डोळ्याखालचा तीळ, बोलताना नाक ओढायची सवय, पदरी मूल नसणं, सगळं वहिनीचं. "मी बी हाय म्हणं त्यात," असं ती रेल्वे कॉलनीभर सांगत फिरली, दादा. तूच सांगितलं होतंस ना तिला? तेवढंच का सांगितलंस?

शेवटी यंत्र परत निघतं तेव्हा नायकाशिवाय आणखी एकच जागा असते. बायको, नाहीतर सरदाराची रत्नजडित तलवार. तुझा नायक तलवार उचलतो. वर म्हणतो, "ही इथं राहिली तर बिघडतं काय? भाकरी काय, कुठल्याही काळात थापायचीच." हे लिहिलंस तेव्हा शेजारी कोणाच्या हातचा डबा उघडा होता?

मी पेन्सिलीने ते वाक्य खोडलं. तलवार वाळूत टाकली आणि बायकोला यंत्रात बसवलं. शब्द मोडतेय हे कळत होतं. वहिनीसाठी मोडतेय, असं स्वतःला सांगत होते. पण त्यात तुझी अब्रूही झाकली जात होती, आणि तुझी बहीण म्हणून माझीही. यातलं खरं कोणतं?

परवा वहिनी शिरूरला माझ्याकडे आली. चहा घेऊन मी बाहेर आले तर ती टेबलाशी उभी होती. "हे खोडलंय ते काय गं?" मी कागद ओढायला गेले. तिने माझा हात बाजूला केला आणि खोडलेल्या ओळींवर बोट ठेवून वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मला वाटलं, आता रडेल. तिने माझा खोडरबर उचलला आणि पेन्सिलीच्या सगळ्या रेघा पुसून टाकल्या. तुझं वाक्य होतं तसं वर आलं.

"वहिनी, लोक काय म्हणतील?"

"दहाव्याला मानसं उठूनशान माईकवर बोलली. देवमाणूस व्हते म्हणं. मी खाली बसून ऐकलंच की. आता ह्यांनी सोताच्या हातानं लिवलंय, ते त्या मानसांनी बी ऐकावं." तिने कप उचलला, एक घोट घेतला. "साखर कमी झालीया."

तेव्हा दादा, दिलेला शब्द पाळते. एक अक्षर बदलणार नाही. मी हा शब्द निष्ठेने पाळतेय की सूड म्हणून, ते मला ठरवता येत नाही, आणि त्यासाठी मी थांबणारही नाही.

प्रकाशन दौंडलाच करू. दहाव्याला बोलले त्या सगळ्यांना बोलावू. शेवटचं प्रकरण वहिनी वाचणार आहे. सराव सुरू झालाय. भाकरीच्या वाक्यापाशी ती थांबते, मान वर करून समोर बघते, आणि मगच पुढे जाते. त्या वेळी मी तिच्या शेजारी उभी असेन. तुझा फोटो पहिल्या रांगेत ठेवू, अगदी तिच्या नजरेसमोर.

तुझी बहीण,
शालू