हॉटेलच्या भिंतीवर आप्पा

आप्पा, तुम्हाला मी मागच्या महिन्यात बनारसच्या छावणीतल्या साहेबी हॉटेलात भिंतीवर टांगलेले पाहिले. जिवंतपणी त्या बाजूला तुम्ही पाऊल टाकले नसते, आणि टाकावेच लागले असते तर घरी येऊन आधी अंघोळ केली असती. आणि तिथे, जेवणघराबाहेरच्या व्हरांड्यात, एका मेलेल्या हरणाच्या शिंगांखाली तुम्ही उघडेबंब बसला होतात, नाक धरून.

मी तिथे कशी, म्हणाल. ह्यांच्या साहेबाची कृपा. हे सरकारी इंजिनियर आहेत. पुलाच्या कसल्याशा कामासाठी साहेब ह्यांना नागपुराहून घेऊन आला आणि मडमेला सोबत हवी म्हणून माझीही वर्णी लागली. साहेबाची चिठ्ठी असली की आता आपल्या लोकांनाही तिथे खोली देतात. गाडीतच मी म्हटले, "रामघाटावर कुणाकडे उतरू, आपली माणसं आहेत तिथे." तर हे म्हणाले, "साहेब भेटायला आला तर त्याला त्या बोळांतून आणू?" ज्या दूधविनायकाच्या बोळात मी जन्मले, तो ह्यांना दाखवायच्याही लायकीचा वाटेना. तुम्ही गेल्यावर आई मला घेऊन नागपूरला मामाकडे आली, तेव्हापासून मीही तो पाहिला नव्हता.

त्या हॉटेलाचे वैभव ऐका आता. बडा घर पोकळ वासा. ज्या गावात गंगा वाहते तिथे येऊन ही माणसे पत्र्याच्या टबात बसतात, स्वतःचाच मळ स्वतःला लावून घेतात आणि त्याला अंघोळ म्हणतात. जेवणाला सूप म्हणून जे पुढे आले ते आपल्याकडे खरकटी भांडी विसळून मोरीत ओततात. पगडी आणि कमरपट्टा घातलेले एवढे वाढपी मागे उभे, पण "आणखी घ्या" म्हणायची एकाची प्राज्ञा नाही. आपल्या घरी देशावरून आलेला कुठलाही यात्रेकरू उतरे, आणि आई त्याच्या पानावर आडवा धरलेला हात बाजूला सारून वाढे. इथे मीठसुद्धा मागावे लागते. आमचे हे मात्र धन्य झाले होते. एक वाटाणा काट्यावर चढवायला ह्यांना जेवढा वेळ लागला तेवढ्यात तुमची पंगत उठून विडे वाटून झाले असते. पहाटे हॉटेलातली मंडळी नावेतून घाट बघायला जातात. आपल्या आयाबहिणी ओलेत्याने पायऱ्या चढताना दुर्बिणीतून बघायच्या आणि परत येऊन अंडी खायची, ही त्यांची काशीयात्रा.

तुमचा तो फोटो असाच एका नावेतून काढलेला; कडेला पायरीवर परडी घेऊन हसणारी पोर मीच, त्यावरूनच ओळखला. तो दिवस मला आठवतो. मी रामघाटाच्या पायरीवर फुलांची परडी सांभाळत बसले आहे. तुमची संध्या चालली आहे, प्राणायामाला तुम्ही नुकतेच नाक धरले आहे. नाव अगदी जवळ येते. तीन पायांच्या पेटीमागे एक साहेब काळ्या कापडात डोके घालतो. तुम्हाला दिसले आहे, कारण तुमच्या भिवया वर चढतात. पण श्वास रोखलेला, मौन धरलेले, आणि संध्या अर्धी टाकून उठायचे नाही. वेदशाळेतल्या पोरांना एका दटावणीने गार करणारे तुम्ही, आणि त्या साहेबाला "चल हट" म्हणता आले नाही. त्याने तेवढ्यात काम उरकले. तुम्ही पुन्हा बुडी मारलीत, पुन्हा पहिल्यापासून संध्या केलीत आणि घरी आलात ते धुमसतच. आई म्हणाली, "अहो, असं काय नेलं त्याने तुमचं?"

"तोंड नेलं माझं," तुम्ही म्हणालात. "आता कुठे कुठे फिरवील, कुणाला मालूम! आणि ही पोरगी त्याच्याकडे बघून हसत होती. तुझा बाप काय तमाशा आहे?"

त्यानंतर तुम्ही घाटावर छत्रीच्या आडोशाला बसू लागलात. फोटो तर कधीच काढू दिला नाहीत, अगदी आईने हात जोडले तरी.

तर त्या व्हरांड्यात दुपारच्या चहाला आम्ही चौघे उभे होतो. साहेबाने चौकटीखाली चिकटवलेल्या कागदावरची इंग्रजी ओळ मोठ्याने वाचली आणि तो खो खो हसला. मडम हसली. आणि आप्पा, आमचे हेही हसले. मला मराठीत समजावून सांगितले ह्यांनी, "लिहिलंय की गंगेचा वास खुद्द फकिराला पण सहन होत नाही, म्हणून बघ नाक धरलंय." मुंज झाल्यापासून लग्नापर्यंत ज्यांनी रोज स्वतः नाक धरले, ते हे! तुम्हाला ह्यांनी कधी पाहिले नव्हते, ते मान्य. पण प्राणायाम तर पाहिला होता ना? साहेबासमोर तोही ओळखीचा राहिला नाही. मला इतकी किळस त्या सुपाचीही आली नव्हती.

मी हिंदीत म्हटले, साहेबाला समजेल अशा बेताने, "ये मेरे पिताजी हैं." हसणे थांबले. ह्यांचा चेहरा पडला. मडमेने इंग्रजीत विचारले की मग त्यांनी नाक का धरले आहे. मी ह्यांना म्हटले, "सांगा तिला. वास खरंच आला होता. साहेबाची नाव जवळ आली होती."

ह्यांनी घसा खाकरून सांगितले की ही एक प्रकारची प्रार्थना असते. तेवढे इंग्रजी मला कळते.

मग मी वेताची खुर्ची ओढली, तिच्यावर चढले आणि तुम्हाला खिळ्यावरून काढले. "अगं, लोक बघताहेत," हे पुटपुटले. "बघू देत. बघायलाच आलेत ना काशीला?" म्हणत मी नऊवारीचा काचा सावरत खाली उतरले आणि तुम्हाला पदराखाली घेऊन खोलीत गेले. मॅनेजर मागोमाग आला होता. साहेबानेच त्याला परत पाठवले म्हणे. ह्याला हे साहेबाचा मोठेपणा म्हणतात. म्हणोत बापडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच टांगा करून निघाले आणि पुढे बोळाबोळांतून रामघाटावर उतरले. ती ओळ फाडून टाकली. मग तुम्हाला गंगेत सोडायचे होते, नेलेले तोंड परत करायचे होते. तुम्हाला तेच आवडले असते, हे मला पक्के ठाऊक होते. पाण्यात गुडघाभर उभी राहिले, काच पदराने पुसली, आणि नाही सोडवले, आप्पा. तुमचा आवाज आठवतो, तुमचा राग आठवतो. तोंड मात्र मी केव्हाच विसरले होते, आणि आता विचारायला आईही नाही. आता तुम्ही इथे नागपूरला माझ्या पेटीत, लुगड्यांच्या घडीत आहात. हा कागदही तिथेच ठेवणार, दुसरा पत्ता मला ठाऊक नाही. रोज दुपारी काढून बघते. कपाळ दिसते, चढलेल्या भिवया दिसतात, आणि खाली सगळा तो हात. तेवढा हात खाली घ्या ना, आप्पा.