संख्या जुळली, होडी नाही

रत्नागिरी, शुक्रवार, १४ नोव्हेंबर

गणपतीनंतर इथे एक ओळही लिहिली नाही. लाज वाटते, पण आज लिहायलाच हवं.

मच्छीमार सोसायटीच्या होड्यांच्या नोंदी आम्ही जुन्या डेटाबेसमधून नव्यात नेल्या. त्यानंतर जुन्यात जे बदललं, ते 'शेवटचा बदल' ही तारीख बघून मी उचललं. दोन्हीकडची संख्या जुळली. मी खूश. शेजारच्या टेबलावरून मेघनाताई म्हणाल्या, "अरे, टोपल्या मोजल्यास. आत मासळी कुठली, ते बघितलंस?"

त्यांनी प्रत्येक नोंदीचा ठसा काढला, म्हणजे सगळ्या मजकुरातून गणिताने निघणारा आकडा. एक अक्षर बदललं तरी तो बदलतो. आधी एकही ठसा जुळेना, कारण दोन डेटाबेस तारखा वेगवेगळ्या तऱ्हेने लिहितात. मी हसलो. त्या नाही हसल्या. तारखा एका साच्यात आणून पुन्हा ठसे काढले. न जुळणारी एकच होडी उरली.

ती दाभोळच्या एकाने नुकतीच विकत घेतलेली. मालक बदलला की आमच्याकडे त्याच नोंदीवर नवं नाव चढवतात, आणि जुना प्रोग्रॅम तेव्हा तारीख हलवतच नाही! म्हणून माझ्या हातून ती सुटली, नव्यात जुनंच नाव राहिलं. सोसायटीकडून मिळणारं डिझेल जुन्या मालकाच्या नावावर निघालं असतं, या बिचाऱ्याची होडी धक्क्यालाच. संख्या जुळल्यावर मी आणखी शोधलं असतं का? नाही. खरंच नाही.

ताई एवढंच म्हणाल्या, "चल, चहा पाज आता."

उद्या: जुना प्रोग्रॅम बंद करून ठसे पुन्हा जुळवणे, मगच नवा सुरू.