बिनमिठाची बरणी

लाडक्या आई,

तुझा आशीर्वाद मागून लिहितो. मी ठणठणीत आहे. अलास्कात थंडी आहे, पण मासळीच्या कारखान्यात काम भरपूर आहे.

तू पाठवलेली मसाल्याची बरणी पोचली. तोच विटकरी रंग, तोच लसणाचा वास. तुझ्या मसाल्यात मीठ असतंच, म्हणून वेगळं न घालता मी खुशीत सहा जणांसाठी मासे त्यात घोळवून तळले. पहिल्याच घासाला आपल्या लुईझियानाचा अँतवान ओरडला, "काय रे आल्सीद, हा तुझ्या आईचा मसाला की दवाखान्यातलं जेवण?" सगळे हसले. मी बोट बुडवून मसाला चाखला. त्यात मिठाचा कणही नव्हता.

आई, तू मीठ विसरणारी नाहीस. युलाली मावशीने डॉक्टरांच्या धाकाने असा मसाला केला, तेव्हा "त्यापेक्षा भुसा खा" म्हणून तूच तिला चिडवलं होतंस. आणि घरासाठी करतेस त्यातूनच तू माझी बरणी भरतेस.

बरणीसोबतच्या चिठ्ठीत तर "सगळे मजेत" असं लिहिलंस. मग मीठ कुणाचं बंद झालंय? तुझं की पप्पांचं?

खरं काय ते कळव. कालपासून मीही तोच मसाला खातोय, वरून मीठ न घेता.

तुझाच,
आल्सीद