उसने हात

फेत्चबुरी,
१२ जून, बुद्ध संवत २५३८

चि. प्रयोंग हिस,
अ. उ. आ.

आज दुकानाची मागची खोली झाडताना ती बुटकी तिवई सापडली. आठवते? शाळेतून आलीस की बाबा तुला तिच्यावर बसवायचे. अंत्यविधीची तसबीर करून घ्यायला लोक गेलेल्या माणसाचा नखाएवढा फोटो आणायचे. त्यात चेहरा असायचा, हात कुठून असणार? मग तू मांडीवर हात ठेवून बसायचीस आणि बाबा ते कुठल्या तरी आजीला जोडून द्यायचे. अक्षर वाईट म्हणून सिस्टरनी तुझ्या बोटांवर पट्टी मारली, तेव्हा बाबा कॉन्व्हेंटात जाऊन सांगून आले, की शनिवारपर्यंत या हातांची गरज आहे, हवं तर थोरलीला मारा. सिस्टरनी खरंच मला दोन पट्ट्या दिल्या. मी ते अजून विसरलेले नाही.

बसणं संपलं की बाबा तुझ्या मनगटाला विहारातला पांढरा दोरा बांधायचे, जिवंत माणूस मेलेल्याबरोबर चालू लागू नये म्हणून.

आता तू स्वतःसाठी मागितलेल्या तसबिरीचं. मी ती काढणार नाही. आपल्या दुकानात माणूस गेल्यावर भिक्खूंचा पहिल्या रात्रीचा पाठ झाल्याशिवाय कधी कॅनव्हासला ब्रश लागला नाही, आणि तू धडधाकट बसून पत्रं लिहितेस. डॉक्टर काहीही सांगतात. भाताची पेज घे. आंबट खाऊ नकोस.

रागावलीस तरी चालेल, पण लिहीत राहा.

तुझी,
लमियतताई


लांपांग,
२३ जून

ती. लमियतताईस,
शि. सा. न. वि. वि.

पेज घेते. आंबटही खाते. डॉक्टरांनी काहीही सांगितलेलं नाही, एकच गोष्ट सांगितली. यकृतात गाठ आहे आणि वर्षावास संपेपर्यंत, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत, वेळ आहे. मागच्या पत्रात मी हे लिहिलं होतं. त्या ओळीवरून तुझी नजर घसरली असावी.

पिचेतने स्टुडिओतून माझा फोटो मोठा करून आणलाय. सुनेला, उरायला, तो फार आवडला. गालावरचा तीळ पुसलाय, ओठ रंगवलेत, अगदी बँक मॅनेजरची बायको दिसते मी. मी लेकाला म्हटलं, ही बाई कोण ते आधी सांग, मग तिच्यामागून चितेकडे निघते. तो बिचारा फ्रेम उचलून आत गेला.

चाळीस वर्षं तू परक्यांचे चेहरे काढलेस. निम्म्या फेत्चबुरीला तू पोचवलंस. आणि सख्ख्या बहिणीला स्टुडिओकडे धाडतेस?

रागावले आहे. माया मात्र काढून घेतलेली नाही, तूही घेऊ नकोस.

तुझी,
प्रयोंग


फेत्चबुरी,
९ जुलै

चि. प्रयोंग हिस,
अ. उ. आ.

बरं, हरले. तुझा शिक्षिकेच्या गणवेशातला, बाविसाव्या वर्षीचा फोटो आहे ना माझ्याकडे, त्यावरून चेहरा झाला. तीळ ठेवलाय.

हातांची पंचाईत झाली. बाबांची रेखाटनं वाळवीने खाल्ली. मग बाजारातल्या मिठाईवाल्या चम्नियनकडे गेले. तिच्या आजीची तसबीर बाबांनी केली होती, तुझ्या हातांची. वार्निश बघायला आले, अशी थाप मारली. ती ताडगुळाची कढई सोडून माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. म्हणाली, की आजीचा चेहरा काही आता आठवत नाही, पण हे हात बघितले की घरात आजी आल्यासारखी वाटते. याच हातांनी गूळ ढवळून तिने सात पोरं वाढवली. करंगळीवरचा काळा डाग दाखवून म्हणाली, हा जळलेल्या पाकाचा. चम्नियनच्या धाकट्या लेकीने लग्नाच्या दिवशी आधी त्या हातांना नमस्कार केला म्हणे.

तो तुझ्या दौतीतल्या शाईचा डाग, प्रयोंग. चौदा वर्षांची होतीस. मी मान हलवली आणि पटकन रेखाटन करून घेतलं.

तुझी तब्येत सुधारली की इकडे ये आणि तसबीर बघ. तोवर मला आठवत राहा.

तुझी,
लमियतताई


लांपांग,
२० जुलै

ती. लमियतताईस,
शि. सा. न. वि. वि.

इतकी हसले की उराय धावत आली. ज्या हातांना अंडं उकडता येत नव्हतं, त्यांनी सात पोरं वाढवली! चम्नियनला कधी काही बोलू नकोस.

पण ताई, ते हात मी देऊन टाकले. ते त्या घराचे आहेत. माझे आता वेगळे आहेत. बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी झालीत, पेन मुठीत धरून लिहिते. हे अक्षर सिस्टरनी पाहिलं असतं तर पट्टी मोडली असती.

तुला फोटो हवा, कारण फोटोतली मी आजारी नाही. गेल्या वर्षी सोंक्रानला, नववर्षाच्या सणालाही तू आली नाहीस, गुडघ्याचं निमित्त सांगितलंस. मला बावीस वर्षांची होऊन जायचं नाही. चोपन्न वर्षं मी खर्च केलीत, ती दिसू देत.

बँकॉकला गाडी बदलून ये. रंगांची पेटी आण. काढवलं नाही तर नुसती शेजारी बस. तिवई मात्र आण.

वाट बघते, एवढंच.

तुझी,
प्रयोंग


लांपांग,
४ सप्टेंबर

ती. लमियतताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू सुखरूप पोचल्याचं कळलं. हे मी सांगतेय आणि उराय लिहितेय, तेव्हा अक्षर सुंदर आहे.

तू इथे बसून काढलेली तसबीर पलंगासमोर ठेवलीय. पिचेत आधी त्या हातांकडे बघायचाच नाही. काल जवळ खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, की डाव्या अंगठ्यावर भाजल्याची खूण राहिली, मावशीला कळवा. मी म्हटलं, ती उजव्या अंगठ्यावर आहे आणि मावशीने काढलीय. पहिल्या दिवशी तू दाराशीच रडत उभी होतीस, आणि तिसऱ्या दिवशी मी हलले म्हणून खेकसलीस. त्या खेकसण्याने मला फार बरं वाटलं. अगदी बाबा.

आता नीट वाच. तसबीर शवपेटीपुढे पिचेतने धरायची, नंतर ती त्याच्या घरी राहील. स्टुडिओतला फोटो उरायला. तिला आवडतो, तर तिने तो लावावा. (उराय इथे लिहायची थांबली आहे. हं, लिही.) माझं निळं रेशमी नेसणं चम्नियनला. कशाबद्दल म्हणून विचारेल, तर जुनी ओळख म्हण. तिवई तू परत नेलीसच.

निघताना तू माझ्या मनगटाला पांढरा दोरा बांधलास, बाबांच्या सवयीने. तो मी सोडवून घेतला. या पाकिटात आहे, तो तुला. या वेळी मागे राहायचंय ते तुला. उजव्या मनगटाला बांध. एका हाताने गाठ जमणार नाही, चम्नियनकडून मारून घे.

तुझी,
प्रयोंग